झबल्यांचा फ्रॉक

आमच्या लातूरकडच्या घरात जन्मलेल्या लेकराच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नाही, अशी रीत होती. आजोबांचं धोतर नाहीतर आजीचं विटलेलं लुगडं काढायचं, गरम पाण्यातून पिळायचं, उन्हात वाळवायचं आणि त्याचं झबलं शिवायचं. बारशापर्यंत लेकरू त्याच झबल्यात. "नवं रुततंय लेकराला," आई म्हणायची. ते खरंच आहे. कोऱ्या कापडात खळ असते आणि सूत ताठ असतं. वर्षानुवर्षं धुतल्यावरच त्याला मऊपणा येतो, तो दुकानात मिळत नाही. ज्या घरात लेकरं जगत नसत, तिथं तर शेजारपाजारच्या घरांतून जुनी धडुती मागून आणून अंगडं शिवत. त्यामागं दृष्टीची भीती असेल, पण ज्या बायांनी आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला, त्यांचा त्या लेकरावर जीव जडत असणार, असं मला नेहमी वाटत आलंय.

माझं पहिलं झबलं आजोबांच्या धोतराचं. धोतर पांढरं, म्हणून आईनं गळ्याला आणि बाह्यांना निळ्या बुट्ट्यांच्या कापडाची पट्टी लावली. गंजगोलाईतल्या दुकानातून आणलेल्या परकराच्या कापडातून ती उरली होती. झबलं माझ्यानंतर धाकट्या भावाला झालं. त्यालाही होईना, तेव्हा आईनं ते उसवून कुंचीला अस्तर लावलं. कुंची विरली, तशी निळी पट्टी वाकळेत गेली. आम्ही भावंडं त्या वाकळेखाली वाढलो. धोतराचा धागा कधीच गेला होता, निळी पट्टी मात्र धड होती.

लग्नानंतर मी नांदेडला आले. माहेरहून उषाची पायमशीन आली, पण मला सरळ शिलाईपलीकडं फारसं येत नव्हतं. शेजारच्या मावशी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज शिवायला जात. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला ध्वजाची खादी विणली जाते आणि नांदेडच्या या समितीत तिचे झेंडे होतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. झेंड्याला उलट-सुलट बाजू नसते. वाऱ्यावर दोन्ही अंगं दिसतात, म्हणून शिवण दोन्हीकडून नीट हवी, असं त्या सांगायच्या. माझ्या लेकीची झबली शिवताना त्यांनी मला दुहेरी शिलाई शिकवली. आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून टीप मारायची, कड कातरायची, मग कापड उलटवून दुसरी टीप. कच्ची कड आत कोंडली जाते आणि लेकराच्या अंगाला दोरा लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. पुढं लातूरला माहेरी गेले, तर आईच्या ओसरीवर लुगड्यांचा आणि सदऱ्यांचा ढीग. मदतीचे कपडे गावोगावहून आले होते, पण मोठ्या माणसांचे. तान्ह्या लेकरांच्या मापाचं त्यात काहीच दिसेना. आई आणि गल्लीतल्या बाया त्या लुगड्यांची झबली-टोपडी शिवत होत्या. एका नऊवारीत किती लेकरं झाकतात, हे मी तिथं पाहिलं. मीही बसले. माझ्या लेकीची लहान झालेली झबलीही त्या गाठोड्यात घातली. माझ्याकडं उरलं ते थोडंच.

ते थोडं मी जपून ठेवलं आणि त्यावर बरीच वर्षं नुसतीच नॅप्थलीनच्या गोळ्या घालत राहिले. लेकराचं वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट होतं, वर्षात तिप्पट. म्हणजे तान्ह्याचा कपडा झिजायच्या आतच अपुरा पडतो. मोठ्यांचा सदरा कॉलरला, पँट गुडघ्याला विरते. झबल्याला मात्र फाटायला सवडच मिळत नाही. असलं धड कापड पेटीत पडून पिवळं पडावं, हे मला पटेना. भांडेवालीला देणंही मनाला येईना.

नात तीन वर्षांची झाली, तेव्हा गाठोडं उघडलं. तिच्या आईची झबली आणि तिचीही. झबल्याचं पुढचं नि मागचं पान मिळून जेमतेम दोन वीतभर तुकडे निघतात. काखेजवळचं कापड वाकडं कापलेलं असतं, ते सोडून द्यावं लागतं. प्रत्येक तुकड्याचा उभा धागा ओळखून तो उभाच ठेवायचा, नाहीतर दोन धुण्यांत फ्रॉक एका अंगाला लोंबतो. नातीच्या काही बंड्या बनियनच्या कापडाच्या होत्या. ते आडवं ताणतं, म्हणून त्याला मागून पातळ सुती अस्तर लावलं आणि मगच बाकीच्यांना जोडलं. बटणपट्ट्या न उसवता तशाच पाठीला घेतल्या. काजं करायचं काम वाचलं. वरचा योक लेकीच्या झबल्यांचा, खालचा चुण्यांचा घेर नातीच्या कपड्यांचा. आईच्या वाकळेतून निळी पट्टी उसवून खिशाला लावली. तिच्यावरच्या बुट्ट्या आता जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

नात तो फ्रॉक घालून शाळेत गेली, खेळली, चिखलात पडली. लेक म्हणाली, "आई, हा जपून ठेवायला हवा होता." मी म्हटलं, जपलाय म्हणूनच तर तिच्या अंगावर आहे.

मात्र एक खंत आहे. हल्ली बाळांना भेट येतात ते बहुतेक झगझगीत पॉलिस्टरचे, टिकल्या चिकटवलेले कपडे. त्यांना घाम टिपता येत नाही आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लेकराच्या अंगावर घामोळं उठतं. कितीही धुवा, त्यांना सुताचा मऊपणा येत नाही. कापसाच्या मुलखात राहून आपण लेकरांना हे घालतो, हे मला मुळीच मान्य नाही. बारशाला जाताना सुती कापड न्या, साधं असलं तरी चालेल.

आणि घरात झबल्यांचं गाठोडं असेल, तर ते सोडा. सुती आणि बनियनचं कापड वेगळं करा. एकेक तुकडा उजेडासमोर धरा. विरळ दिसेल तो अस्तराला ठेवा, घट्ट असेल तो वरच्या अंगाला. शिवण येत नसेल तर गल्लीतल्या शिलाईवालीला सांगा आणि तिची मजुरी नव्या फ्रॉकइतकीच द्या, कारण तुकडे जोडायला वेळ जास्त लागतो.