कुठलं बायबल घेऊ?

प्रिय भाचीस,


नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर रोज सकाळी स्वतःचं स्वतः बायबल वाचायचं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. आजवर वचन तू उपासनेत ऐकलंस, पाळकांनी समजावलं तसं समजून घेतलंस. आता थेट पुस्तकापुढे बसणार आहेस. दुकानातल्या इतक्या भाषांतरांतलं कुठलं घेऊ, असं विचारलं आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझं शिक्षण इंग्रजीतून झालं, पण तू रडतेस, भांडतेस आणि प्रार्थना करतेस ती मराठीत. म्हणून रोजचं बायबल मराठीच असू दे. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ घे. आपल्या मंडळीत तेच वाचतात, लहानपणी पाठ केलेल्या ओव्या त्यातल्याच आहेत. भाषा थोडी जुनी वाटेल, पण मूळ वाक्यांच्या ठेवणीला ते बरंच धरून आहे.

त्याच्या जोडीला सोप्या मराठीतलं एक भाषांतर ठेव. पौलाची पत्रं वाचताना त्याची गरज कळेल. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात 3 ते 14 या ओव्या मूळ ग्रीकमध्ये मिळून एकच वाक्य आहे. सोपं भाषांतर त्याची छोटी छोटी वाक्यं करतं, त्यामुळे अर्थ चटकन पोहोचतो. मात्र कुठला विचार कशाला जोडायचा, हे तिथे भाषांतरकारानेच ठरवलेलं असतं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाच. जिथे दोघांत बराच फरक दिसेल, तिथे थांब. मूळ मजकूर अवघड असण्याची ती खूण आहे.

वाचणाऱ्याला समजावं यासाठी आपल्याकडे माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल उतरवलं. 1922 मध्ये त्या गेल्या. तो ग्रंथ 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर आला. अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, तेही जरूर बघ. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं असतात आणि आपल्यात 66, तेव्हा अनुक्रमणिका वेगळी दिसली तर गोंधळू नकोस.

घेताना तळटीपा असलेली प्रत बघ. मार्काच्या शेवटच्या अध्यायातल्या 9 ते 20 या ओव्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे चांगली प्रत तिथेच सांगते. असं वाचून विश्वास डळमळेल अशी भीती काहींना वाटते. मला उलट वाटतं. जे जसं आहे तसं वाचकापुढे ठेवणाऱ्या अभ्यासकांवर भरवसा वाढतो. 1947 पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यांतली यशयाची गुंडाळी तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी निघाली, आणि दोन्हींतला मजकूर बहुतांशी जुळला.

अभ्यासाच्या साधनांत पहिला मान संदर्भवचनांना दे. मार्क 15:34 मध्ये येशू वधस्तंभावरून आक्रोश करतो, तिथला संदर्भ तुला 22 व्या स्तोत्राकडे नेईल. ते स्तोत्र अखेरपर्यंत वाच. परित्यक्ताच्या हंबरड्याने सुरू झालेलं ते स्तुतीपाशी पोहोचतं. एवढं कळायला जाडजूड ग्रंथ लागत नाही, बायबलच बायबल उलगडून दाखवतं.

मग नकाशा आणि बायबल शब्दकोश. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला माणूस यरुशलेमेहून यरीहोला उतरत होता. नकाशा पाहिलास की कळेल, ती वाट सुमारे 27 किलोमीटरांत जवळजवळ हजार मीटर खाली जाते, ओसाड डोंगरांतून. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर किती जुनं होतं, हे शब्दकोश सांगेल. तेव्हा तो दाखला ऐकणाऱ्यांना केवढा झोंबला असेल, ते तुझं तुलाच जाणवेल.

टीकाग्रंथ सगळ्यांत शेवटी. इंग्रजीत विल्यम बार्कले यांचं नव्या करारावरचं भाष्य वाचायला सोपं आहे. पण कुठलंही भाष्य उघडण्याआधी तो उतारा दोनदा वाच आणि तुला पडलेले प्रश्न वहीत लिही. दुसऱ्याचं उत्तर आधी वाचलं की आपला प्रश्न उगवतच नाही. टीकाकार कोणत्या मंडळीचा, कोणत्या काळातला, हेही बघत जा. एखादा अर्थ पटला नाही तर तुझ्या पाळकांना विचार, मला लिही. एकटीने वाचायचं म्हणजे एकटीनेच ठरवायचं असं नव्हे.

सुरुवात मार्कापासून कर. 16 अध्याय आहेत, एका बैठकीत संपतील. रोज चार ओव्या वेचल्या तर गोष्टीचा ओघ हाती लागत नाही, म्हणून पहिल्यांदा सलग वाच, मग सावकाश. फोनवर भाषांतरं ताडून बघायला सोपं जातं, तेवढ्यापुरता तो वापर; वाचन मात्र छापील प्रतीतून कर आणि समासात बिनधास्त लिही.

महागडी अभ्यास-आवृत्ती परवडेपर्यंत थांबू नकोस. या रविवारी उपासनेनंतर साधी प्रत घे आणि सोमवारी सकाळी मार्क उघड.

तुझी,
मावशी