एक वही, दोन हात

गेल्या जत्रेनंतरची गोष्ट. देवस्थानच्या खर्चाची काही वर्षांची बिलं (मांडव, फुलं, दारूकाम...) मी हौसेने संगणकावर उतरवली. बेरजेला ब्राउझरमध्येच चालणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम लिहिला. नवीनच शिकलो होतो, म्हणून दोन वर्कर लावले. खरं तर वर्कर एकमेकांना निरोप पाठवून काम करतात, ज्याची त्याची मेमरी वेगळी. पण २०१७ च्या जावास्क्रिप्टमध्ये 'शेअर्डअरेबफर' आला, म्हणजे दोघांना एकच सामायिक मेमरी. मी एकूण रक्कम तिथे ठेवली.

बेरीज काकांच्या वहीपेक्षा कमी आली. काका खजिनदार! बिलांपेक्षा वहीत खर्च जास्त, म्हणजे काय ते कोणी बोललं नाही, पण नजरा बदलल्या. काका रात्रभर बिलं लावत बसले.

सकाळी मी प्रोग्राम पुन्हा चालवला, तर तिसराच आकडा! तेव्हा माझी ट्यूब पेटली. समजा, एकूण १०,००० आहेत. पहिल्या वर्करने ते वाचून ५०० मिळवले. तेवढ्यात दुसऱ्यानेही तेच १०,००० वाचून २०० मिळवले. पहिल्याने १०,५०० लिहिले, दुसऱ्याने त्यावरच १०,२००. पाचशे रुपये गेले, आणि चोर कोणीच नाही!

उपाय एका ओळीचा: 'ॲटॉमिक्स.ॲड'. वाचणं, मिळवणं, लिहिणं एका दमात. मध्ये दुसऱ्याला हात घालता येत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाने आपली बेरीज वेगळी करावी आणि शेवटी एकदाच मिळवावी. काका वर्षानुवर्षं हेच करत आलेत. वही एक, लिहिणारा एक.

सामायिक मेमरीचं प्रकरण तसं नाजूकच. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली 'स्पेक्टर' ही त्रुटी उघड झाली आणि ब्राउझरवाल्यांनी ही सोय बंदच केली; तिच्या आधाराने अतिसूक्ष्म वेळ मोजून दुसऱ्याचा डेटा चोरता आला असता. पुढे ती परत आली, पण इतरांपासून स्वतःला अलग ठेवणाऱ्या पानांपुरतीच.

दुरुस्त बेरीज काकांच्या वहीशी रुपयान् रुपया जुळली. मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. काका एवढंच म्हणाले, "बाबा, पुढच्या वेळी आधी तुझा हिशेब तपास, मग माझा."


असो. तेव्हापासून आकडा चुकला की मी आधी माणसाकडे बघत नाही. एकाच वेळी किती हात लिहीत होते, ते बघतो.