कोरियातले शनिवार-रविवार

दक्षिण कोरिया म्हटले की आपल्या घरातल्या मुलींना मालिका आठवतात आणि मुलांना मोबाइल. तिथे नमाज कुठे पढायची, ताटात काय घ्यायचे, ओढणी घेतलेल्या बाईकडे लोक कसे पाहतात, हे प्रश्न मात्र तिथे राहायला जाणाऱ्या कुटुंबालाच पडतात. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त सोलच्या दक्षिणेकडील सुवॉन शहरात राहतो. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली आणि मी पाच आठवडे त्याच्याकडे राहून आले. आठवडाभर तो कामावर आणि आठ वर्षांची भाची शाळेत. त्यामुळे फिरणे झाले ते शनिवार-रविवारीच.

या फिरण्यामागे केवळ हौस नव्हती. मी निघण्यापूर्वीच भावजयीने फोनवर सांगितले होते, "आपा, परत जाताना मला आणि मुलीला सोबत घेऊन चला. इथे मी घराबाहेर पडत नाही. दुकानातल्या पाकिटावर काय लिहिलंय ते कळत नाही, मुलगी शाळेत काय खाते ते कळत नाही." भावाचे दोन वर्षांचे काम अजून बाकी होते. घर मोडायचे की टिकवायचे, एवढा मोठा प्रश्न होता. मी म्हटले, आधी चार सुट्या बाहेर काढू, मग ठरवू.

पहिल्या शनिवारी गावातच फिरलो. सुवॉनभोवती ह्वासोंग नावाची सुमारे पावणेसहा किलोमीटरची तटबंदी आहे. राजा जोंगजो याने १७९४ ते १७९६ या काळात ती बांधून घेतली. त्याच्या वडिलांना, युवराज सादोला, आजोबांच्या हुकमाने तांदळाच्या पेटीत कोंडून मारले होते. मुलाने गादीवर आल्यावर वडिलांची कबर सुवॉनजवळ हलवली आणि तिथेच हे नगर वसवले. मला मात्र तटापेक्षा त्याची वही जास्त आवडली. या बांधकामाचा तपशीलवार अहवाल राजाने करवून घेतला होता. त्यात कारागिरांची नावे, त्यांनी काम केलेले दिवस आणि त्यांची मजुरीही नोंदलेली आहे. कोरियन युद्धात तटबंदीची पडझड झाली, तेव्हा याच अहवालाच्या आधारे १९७० च्या दशकात ती पुन्हा उभी केली. मजुराचे नाव आणि त्याचा मोबदला लिहून ठेवणारा राजा, ही गोष्ट भाचीला समजावून सांगताना मलाच बरे वाटले.

तटावर फिरायला आलेल्या एका वृद्ध बाईने पिशवीतून सोललेल्या काकड्या काढल्या आणि दोन्ही हातांनी आमच्यापुढे धरल्या. तिथे मोठ्या माणसाला काही देताना-घेताना दोन्ही हात पुढे करतात. भावजय आधी बिचकली, मग तिनेही दोन्ही हातांनी घेतली. काकडीत शंका घेण्यासारखे काय असणार! भाचीने सांगितले, "फुफी, इथे मावशीला इमो म्हणतात. हॉटेलात वाढणाऱ्या बाईलाही इमोच म्हणायचं." आईला ओम्मा, वडिलांना आप्पा. हे ऐकल्यावर भावजय पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

दुसऱ्या रविवारी दोनदा गाडी बदलून आम्ही सोलमधल्या इतेवॉन भागात गेलो. चढावर सोलची मध्यवर्ती मशीद आहे. दारावर अरबीत मोठ्या अक्षरांत 'अल्लाहु अकबर' लिहिलेले. १९५० ते १९५३ च्या युद्धात तुर्कस्तानचे सैनिक कोरियात लढायला आले होते. त्यांच्यासोबत इमामही होते आणि त्यांच्यामुळे काही कोरियन लोकांनी इस्लाम स्वीकारला. पुढे सरकारने जमीन दिली, सौदी अरब व इतर मुस्लिम देशांनी पैसा दिला आणि १९७६ मध्ये ही मशीद उघडली. स्त्रियांसाठी वरचा मजला आहे. जुहरला तिथे इंडोनेशियाची, पाकिस्तानची, उझबेकिस्तानची बाई एका सफमध्ये. नमाजनंतर कुणी हलाल कोंबडीचे दुकान दाखवले, कुणी मसाल्याचे. किब्ला तिथूनही आपल्याकडच्यासारखाच पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. मे महिन्यात फज्रची वेळ मात्र पहाटे साडेतीनच्या सुमारास सुरू होते, ती सांभाळताना कस लागतो.

सगळीकडे असेच स्वागत होते, असे नाही. देगू शहरात विद्यापीठाजवळ मुस्लिम विद्यार्थ्यांच्या मशिदीला शेजाऱ्यांनी कडाडून विरोध केला. बांधकामासमोर डुकराची मुंडकी ठेवण्यापर्यंत मजल गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाच्या बाजूने निकाल दिला होता. निकालाने मने लगेच बदलत नाहीत. पण न्यायालयाचे दार तिथे परक्यांनाही उघडे आहे, हेही तितकेच खरे.

तिसऱ्या शनिवारी ग्योंगबोकगुंग हा राजवाडा पाहिला. तो १३९५ मध्ये बांधला, १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला आणि १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला. हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून गेले तर प्रवेश मोफत. जवळच्या दुकानांत तो भाड्याने मिळतो. लांब बाह्या, पायघोळ घेर, अंगावर सैल. भावजयीने वर आपला स्कार्फ तसाच ठेवला आणि वेगळे काही वाटलेच नाही. मलेशियाच्या दोन मुलीही तशाच फिरत होत्या.

दरबाराच्या अंगणात दर्जा कोरलेले दगड ओळीने उभे आहेत. ज्याचा जो दर्जा, त्याने त्या दगडापाशी उभे राहायचे. राजा सेजोंगच्या काळातल्या नोंदींत समारंभांना हजर असलेल्या मुसलमानांचा उल्लेख येतो. याच राजाच्या पदरच्या विद्वानांनी मुस्लिम खगोलशास्त्राच्या आधारे पंचांगाचा एक ग्रंथ तयार केला. आणि याच राजाच्या काळात, १४२७ मध्ये, मुसलमानांनी आपला वेगळा पोशाख आणि आपले विधी सोडावेत, असा हुकूम निघाला. त्यानंतर ती वस्ती हळूहळू इतरांत मिसळून गेली. आमचे गणित घेतले आणि आम्हाला आमच्यासारखे राहू दिले नाही. हे मी भावजयीला सांगितले, तेव्हा तिने नकळत स्कार्फ सारखा केला.

राजवाड्यासमोरच्या चौकात याच सेजोंगचा भव्य पुतळा आहे. कोरियन लोक त्याला मानतात ते लिपीसाठी. चिनी अक्षरे सामान्य माणसाला शिकणे अवघड, म्हणून त्याने हांगुल ही लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. आज तिच्यात १४ व्यंजने आणि १० स्वर आहेत. काही व्यंजनांचा आकार तो उच्चार करताना जीभ आणि ओठ जसे असतात त्यावरून घेतला आहे. उर्दू आणि मराठी अशा दोन लिप्या शिकवणाऱ्या माझ्यासारखीला तर मेजवानीच! त्या रात्री भाची आमची उस्तानी झाली. चार संध्याकाळी बसलो आणि भावजय अक्षरे जोडून वाचू लागली.

चौथ्या रविवारी नामी बेटावर गेलो. सोलहून रेल्वेने गाप्योंग, तिथून काही मिनिटांची बोट. हे बेट गमतीने स्वतःला प्रजासत्ताक म्हणवते आणि तिकिटाला व्हिसा. उंच झाडांच्या सरळ रांगांमधून चालताना मन निवते. २००२ च्या एका गाजलेल्या मालिकेचे चित्रीकरण इथे झाले आणि मलेशिया-इंडोनेशियाचे पर्यटक लोटले. म्हणून तिथे नमाजची खोलीही आहे. पाहुणा वारंवार आला, त्याने नीट विचारले, की यजमान सोय करतो.

परतताना स्टेशनजवळच्या दुकानात भावजयीने बिस्किटाचे पाकीट उचलले, बोट ठेवून एकेक अक्षर वाचले आणि परत ठेवले. "ड्वेजीगोगी," ती म्हणाली. डुकराचे मांस. वर्षभरात पहिल्यांदा हा निर्णय तिने कुणाला न विचारता घेतला होता.

घरी आल्यावर तिने भाचीच्या शाळेतून येणारा जेवणाचा मासिक तक्ता काढला. कोरियन शाळांच्या तक्त्यात प्रत्येक पदार्थापुढे ॲलर्जीचे आकडे छापतात: १० म्हणजे डुक्कर, १५ कोंबडी, १६ गाय-बैल. हे आकडे वर्षभर फ्रिजवर चिकटवलेले होते! आता तिने कोंबडी आणि बीफच्या दिवशीही घरचा डबा द्यायचे ठरवले, कारण ते हलाल पद्धतीने कापलेले नसते. बाकी दिवशी भात, अंडे, मासळी, भाज्या. तरी शंका उरतातच. सोयाबीनच्या आणि मिरचीच्या वाटणात कधी अल्कोहोल मिसळलेले असते, तेही पाकिटावर वाचावे लागते.

जून लागला, मी एकटीच परतले. सगळे प्रश्न सुटले, असे म्हणणार नाही. ईदला तिथे सुटी नसते, भावाला रजा काढावी लागते. कार्यालयाच्या जेवणावळीत दारूला दरवेळी नम्रपणे नकार द्यावा लागतो. मुलगी मोठी होईल तसे नवे प्रश्न येतील. पण भावजय आता इतेवॉनला एकटी जाऊन मांस आणते आणि शाळेच्या शिक्षिकेला स्वतः चिठ्ठी लिहिते.

आपल्यातही काही घरांत भीती असते की दुसऱ्यांची भाषा शिकली की मूल आपल्यापासून तुटेल. सुवॉनच्या त्या घरात दीन सांभाळायला परकी भाषाच उपयोगी पडली. तुमच्यापैकी कुणाची लेक-सून परदेशी निघाली असेल, तर जाण्यापूर्वी महिनाभर तिला तिथली अक्षरे शिकू द्या. लोणच्याच्या बरण्या त्यानंतर भरल्या तरी चालतील.