पहाटेचा सराव आणि मुलांची झोप

"डॉक्टर, हा रात्री अकराशिवाय झोपत नाही आणि सकाळी ग्राउंडवर जायला उठत नाही. फार आळशी झालाय." खेळणाऱ्या मुलांच्या पालकांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आज त्यावरच लिहितो.

आधी मुलाची बाजू घेतो. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. अंधार पडू लागला की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि झोप येऊ लागते. वयात येताना हे घड्याळ एक ते दोन तास पुढे सरकतं. म्हणजे सातवीत साडेनऊला पेंगणारं मूल दहावीत अकरापर्यंत टक्क जागं असतं. मोबाईलमुळे त्यात भर पडते, पण मूळ कारण वयाचं आहे.

आता हिशोब करा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. अकराला झोपून पावणेपाचला उठलं, तर पावणेसहा तास होतात. रोज किमान सव्वादोन तासांची उधारी!

ती खेळातूनच वसूल होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शालेय खेळाडूंना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. नडगीच्या दुखण्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका धावपटू मुलीला मी आधी झोपेचं विचारलं, तेव्हा तिचे वडील चमकले. "मग खेळ सोडायचा का?" त्यांनी विचारलं. अजिबात नाही. वेळा बदलायच्या.

तुम्हीही हे करून पाहा:

• प्रशिक्षकांशी बोला. आठवड्यातले दोन-तीन सराव संध्याकाळी घेता येतील का? तसंही वेग आणि ताकद सहसा दुपारनंतरच जास्त असते.
• रात्रीचा क्लास लवकरच्या बॅचला घ्या. झोपेआधी तासभर दिवे मंद, मोबाईल खोलीबाहेर.
• सकाळी उठल्यावर उजेडात जाऊ द्या. त्याने घड्याळ मागे सरकतं.
• दुपारी २० ते ३० मिनिटांची डुलकी चालेल, चारनंतर नको. दुपारनंतर चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक टाळा.
• रविवारी थोडं जास्त झोपू द्या, पण दुपारी बारापर्यंत नको. सोमवार अवघड जातो.

मूल घोरत असेल किंवा पुरेसं झोपूनही दिवसा पेंगत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मेलाटोनिनच्या गोळ्या मनाने देऊ नका.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं, ती आठवी-नववीची मुलं यातून सुटली. त्यांच्यासाठी तूर्त तुम्हालाच बोलावं लागेल. पुढच्या पालकसभेत हा विषय काढा.