गव्हाणीपुढच्या गजांचे माप

गोठा बांधायचा म्हटला की आपण पत्रे किती, सिमेंटची पोती किती, याचा हिशेब दहा वेळा करतो. गव्हाणीपुढचे गज मात्र 'टाका एकेका फुटावर' असे वेल्डरला उभ्या उभ्या सांगून मोकळे होतो. मीही तेच केले. त्याची किंमत काय पडली ते सांगते, म्हणजे तुमच्या घरी तरी तसे होऊ नये.

सासूबाईंच्या काळी दावणीला चार जनावरे. खुंट्याला दावे आणि पुढ्यात कडबा, की झाले. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला संस्था काढली आणि पुढे संकरित गाई गावोगाव पोचल्या. आमच्याकडेही आता पाच-सहा कालवडी असतात. दावी सोडून आम्ही मुक्त गोठा केला. पण मोकळे जनावर गव्हाणीत पाय घालते, कुट्टी ओढून तुडवते. म्हणून मध्ये अडसर हवाच.

आम्ही उभे गज लावले. गाईंना ते बरोबर होते. पण त्याच गव्हाणीवर चार महिन्यांची चंद्रीही खायची. एके दिवशी पहाटे धार काढायला गेले तर तिचे डोके आणि पुढचा एक पाय गजांतून आत, बाकीचे अंग बाहेर. मागे यायला ती रात्रभर धडपडली असावी. गज कापेपर्यंत ती गेली होती. वेल्डरचा दोष नव्हता, माप मीच दिले होते. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, लेकराला आईचं झंपर बसतं का?"

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसले आहे. अडसराचे माप गोठ्याचे नसते, जनावराचे असते. डोके सहज आत-बाहेर व्हावे, पण खांदा शिरू नये, एवढीच फट ठेवायची. सुतळी घ्या. गटातल्या सगळ्यात मोठ्या कालवडीचे डोके रुंदीला किती आणि सगळ्यात लहानीचा खांदा किती, ते मोजा. दोन्ही मापे एका फटीत बसत नसतील तर ती जनावरे एका कप्प्यात ठेवूच नका. तशीही मोठी लहानीला खाऊ देत नाही.

आता कोणता अडसर घ्यावा? तिरप्या गजांत जनावराला मान कलती करूनच डोके बाहेर काढावे लागते, त्यामुळे तोंडातली वैरण मागे ओढली जात नाही, नासाडी कमी होते. पण शिंगे असतील तर तिरपे गज नकोत, शिंग अडकते. तिथे वरून एकच आडवा पाइप बरा. मान अडकवून ठेवणारा कुलपी अडसर महाग पडतो, पण लाळ्या-खुरकुताची लस टोचताना चार माणसांचे बळ वाचवतो. चार-दोन वासरांसाठी तो घेण्याची गरज नाही.

आडवा पाइप लावाल तर तो वेल्डिंगने कायमचा चिकटवू नका. खांबाला भोके पाडून नट-बोल्टने बसवा. कालवड वाढते, पाइप वाढत नाही. तो खाली राहिला की मानेवरचे केस जातात, घट्टा पडतो. तसे दिसले की पाइप वर घ्या. आम्ही पाडव्याला आणि दसऱ्याला ते काम करतो.

जागा दर वासराला दीड फूट आणि मोठ्या गाईला दोन ते अडीच फूट धरा. गव्हाणीचा तळ जनावराच्या उभे राहायच्या जागेपेक्षा चार-सहा इंच उंच असू द्या. खाली मान घालून चरल्यासारखे खाल्ले की लाळ भरपूर सुटते, पचन चांगले होते. पाइपच्या कडा कानशीने घासून घ्या आणि स्वतःचा तळहात फिरवून पाहा. आपल्या हाताला लागेल ते तिच्या मानेलाही लागेल.

पाइप परवडत नसेल तर बाभळीच्या सरळ फांद्याही चालतात. माप मात्र तेच.

चंद्रीच्या जागी आता तिची धाकटी बहीण उभी असते. रात्री निजण्यापूर्वी मी एकदा बॅटरी घेऊन गोठ्यात फिरून येते. तुम्हीही आज सुतळी घेऊन गोठ्यात जा. माप घ्यायला घटकाभर लागते, आणि कालवड गाय व्हायला तीन वर्षे.