कसणं म्हणजे नांगरणंच का?

शेतीचा विषय निघाला की आपल्या चळवळीतला तरुण लगेच सावध होतो, आणि त्याचं सावध होणं रास्तच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याची जी चिरफाड केली, ती वाचलेला माणूस 'मातीशी नातं' असल्या भाषेला भुलत नाही. भुलूही नये. तरीही साखरखेर्ड्यात आम्ही घरामागच्या तुकड्यावर न खोदता, न नांगरता भाजीपाला का लावतो, हे आज मांडायचं आहे.

आधी व्यवहार पाहू. फाल्गुन लागला की आमच्याकडची काळी जमीन तडकायला लागते. कुदळ मारली की ढेकळं निघतात, उरलीसुरली ओल उडते आणि खाली दबलेलं तणाचं बी वर येतं. म्हणून आम्ही खोदतच नाही. तण विळ्यानं जमिनीलगत कापतो. त्यावर किराणा दुकानातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके उलगडून, भिजवून अंथरतो. वर चार बोटं कुजलेलं खत, आणि त्याच्यावर सोयाबीनचं कुटार. भेंडी, गवार, चवळी, दोडक्याचं बी कुटार बाजूला सारून खतात टोचायचं. मुळं खाली पोचेपर्यंत पुठ्ठा मऊ होतो. मशागतीचं काम गांडुळं करतात.

यात जादू काही नाही. हराळी पुठ्ठ्याच्या सांध्यातून डोकं काढतेच, ती हातानं उपटावी लागते. कोरड्या कुटाराला उधई लागते, म्हणून ते रोपाच्या बुडापासून जरा दूर ठेवावं लागतं. पण भांडी विसळलेल्या पाण्यावर वाफे तगतात, कारण झाकलेली जमीन लवकर सुकत नाही. आठवडी बाजारात भाजीचा खर्च वाचतो. मजुरीवर जगणाऱ्या घरात ही बचत लहान नसते.

आता मुद्दा विचाराचा. ज्याच्याकडे बैलजोडी नाही, ट्रॅक्टरचं भाडं द्यायची ऐपत नाही, त्यानं शेती करूच नये का? १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं, की जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही; तिच्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात, त्या प्रमाणावरून ठरतं. भांडवल जवळजवळ शून्य असलेल्या माणसाला परवडणारी पद्धत म्हणून आम्ही या बागेकडे पाहतो.

जपानमध्ये मासानोबू फुकुओका यांनी नांगराविना धान्य पिकवलं. आपल्याकडे नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यांवर विनानांगरणी भात घेण्याचं तंत्र विकसित केलं. म्हणजे हे प्रयोगानं तपासता येणारं काम आहे. त्याला गोमूत्राच्या पावित्र्याची आणि 'प्राचीन ज्ञाना'च्या पोथीची गरज नाही. मेलेली ढोरं ओढायला लावून ज्यांनी आपल्या बापजाद्यांना हाडकी-हाडोळीचे तुकडे दिले, त्यांनी आपल्याला गाईचं माहात्म्य शिकवू नये!

आणि खरा प्रश्न इथेच आहे. 'कसेल त्याची जमीन' असं म्हणताना कसणं म्हणजे काय? आपल्या भाषेत जमीन 'वाहणं' म्हणजे नांगरणं, आणि न नांगरलेली ती पडीक, अशी समजूत पक्की बसली आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्या रेट्याचा वारसा पुढे चालला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. पण २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला आणि गायरानधारकांच्या डोक्यावर पुन्हा टांगती तलवार आली. अशा वेळी नांगराचा माग नसलेल्या जमिनीला कुणीही सहज 'पडीक' म्हणून मोकळं होईल.

म्हणून गायरान कसणाऱ्या बांधवांना आमचं स्पष्ट सांगणं आहे: पद्धत कोणतीही वापरा, पण पुरावा तयार ठेवा. दर हंगामाला पिकाचे फोटो काढा, पीकनोंदीसाठी लेखी अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या. पेरणं, राखणं, काढणं हे सगळं कसणंच आहे, हे कागदावर आलं पाहिजे.

१७२४ साली याच साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान दख्खनच्या सत्तेसाठी लढले. जिंकणाऱ्याचं नाव इतिहासात राहिलं. ज्यांच्या घामावर तो सारा वसूल उभा होता त्यांचं नाव कुठेच नाही. आपलं नाव सातबाऱ्यावर यायला हवं, ते यासाठी.

परसातली भेंडी हे जमिनीच्या हक्काचं उत्तर नाही, हे आम्ही जाणतो. १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून, जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी अशी मांडणी केली. ती मागणी अजून उभी आहे. ती लढताना घरची चूल पेटती राहावी आणि शेजारच्या शेतमालकापुढे वाकावं लागू नये, एवढ्यासाठी हे चार वाफे. तुमच्या वस्तीत जागा असेल तर याच महिन्यात सुरुवात करा. खोके किराणावाला फुकट देतो.

जय भीम!