पिकू दे, मग काढू

आमच्याकडे आंबा पिकतो, फणस पिकतो आणि मोतीबिंदूही पिकतो. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाला अंधूक दिसायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला: "पिकू दे, मग काढू." आज्जी तीन वर्षं हेच ऐकत होती.

हा सल्ला खोटा नाही, जुना आहे. पूर्वी डोळ्यातलं भिंग अख्खं काढायचे, म्हणून थांबावं लागायचं. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतात आणि तिथं कृत्रिम लेन्स बसवतात. फार पिकून कडक झालेला मोतीबिंदू उलट जास्त अवघड.

2015 ते 2019 मधल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांना मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. अंधत्व निवारणाचा सरकारी कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं. मग अडतं कुठं?

आज्जी पैशाचं बोललीच नाही. म्हणाली, "माझ्यासंगं कोण येणार?" आधी भांगलण, मग सुगी, मग ऊसतोड. तपासणी, ऑपरेशन, पुन्हा तपासणी, म्हणजे दर वेळी कुणाचा तरी दिवस मोडणार. माझं काम लॅपटॉपवर, म्हणून दिवस मी मोडले. ऑपरेशनला वीसेक मिनिटं लागली. आठवड्याभरानं ती तांदूळ निवडताना वैतागली, "एवढं खडं खात हुतो व्हय आपण?"

पण त्याच शिवारात थांबणं दुसऱ्या प्रकारे महागात पडतं. उसाच्या पाल्याची कड करवतीसारखी असते. ती कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेला लागली की ओरखडा उठतो आणि त्यातून बुरशी शिरू शकते. माणूस मेडिकलमधून ड्रॉप घेतो आणि काम चालू ठेवतो. त्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, पण बुरशी आत वाढत जाते. मागे पांढरा डाग राहतो. कधी कधी मग कुणीतरी दान केलेल्या कॉर्नियाशिवाय इलाज उरत नाही. त्याच पाहणीत पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचं पहिलं कारण कॉर्नियावरचे डाग हेच होतं.

मोतीबिंदूनं गेलेली नजर बहुतेक वेळा उशिरा का होईना परत येते. इथं मात्र डोळा हातचा जाऊ शकतो.

म्हणून आता घरी मी दोनच गोष्टी सांगतो. पाला लागला तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. आणि म्हाताऱ्या माणसाला "दिसतंय का?" एवढंच विचारून थांबायचं नाही, बरोबर कोण जाणार आणि कुठल्या वारी, तेही तिथंच ठरवायचं.